कोच म्हणजे डब्बा

बाबा रेल्वेच्या अजनी शेडमधून निवृत्त झाले त्याला आता २३ वर्षं झाली, पण घरातल्या कुठल्याही गोष्टीला उपमा अजून रेल्वेचीच मिळते. आईचं लांबलेलं आजारपण म्हणजे आउटरला उभी राहिलेली गाडी. माझं लग्न घाईत ठरलं, म्हणून ते तात्काळचं तिकीट. त्यामुळे २०१९ च्या मे महिन्यात नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरी, ओट्यावर पाणी मारून झाल्यावर, मी जेव्हा त्यांना सांगितलं की मला लाइफ कोचचं सर्टिफिकेट मिळालं, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोच म्हणजे डब्बा."

"तसा कोच नाही, बाबा. लोकांना आयुष्यातले पेच सोडवायला मदत करणारा."

"एस-फोर, एस-फाइव्ह. कोच म्हणजे डब्बाच. डॉक्टरकी सोडून तू डब्बा झाली?"

त्याच्या तीन वर्षं आधी, म्हणजे २०१६ मध्ये, मी शिकागोतली हॉस्पिटलची नोकरी सोडून पब्लिक हेल्थ शिकायला घेतलं, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "म्हणजे निरीत लागली का?" ते फार चुकीचंही नव्हतं. निरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची संशोधन संस्था १९५८ साली नागपुरात सुरू झाली ती सेंट्रल पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट या नावानं. नाव बदललं ते १९७४ साली. बाबांच्या पिढीच्या डोक्यात पब्लिक हेल्थ म्हणजे पाण्याच्या टाक्या, नळ, गटारं, क्लोरीन. अमेरिकेतल्या माझ्या पहिल्या सेमिस्टरचा अर्धा अभ्यासक्रम तोच होता.

नातेवाइकांनी आपापले निष्कर्ष काढले. एका चुलतभावाला खात्री होती की माझं लायसन्स गेलं असणार. मावशीनं फोनवर विचारलं, "तिकडे मंदी आहे का गं?" आणि एका लग्नात पंगतीला एका काकांनी जरा मोठ्यानंच विचारलं की मी आता गावोगावी आरोग्यसेवा नेणाऱ्या डॉ. बंग दांपत्यासारखी गडचिरोलीला जाणार का. प्रश्न टोमणा म्हणून विचारला होता की कौतुक म्हणून, ते मला तेव्हाही कळलं नाही.

मी नागपूरच्या मेडिकलची. बाहेरच्यांना 'मेडिकल' म्हणजे औषधाचं दुकान वाटतं, पण आमच्याकडे मेडिकल म्हणजे एकच, सरकारी मेडिकल कॉलेज, आणि दुसरं सरकारी कॉलेज ते मेयो. इंटर्नशिपचे काही महिने भंडारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढले. आषाढ होता, रोवण्या सुरू होत्या. एक मुलगी तीन आठवड्यांत तीनदा आली. १६-१७ वर्षांची, डोळे पिवळसर, हातापायाची हाडं ठणकतात म्हणून रडायची. सिकलसेल, म्हणजे रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, आहे हे आम्हाला समजलं होतं, विदर्भात शिकलेल्या डॉक्टरला ते समजायला वेळ लागत नाही. सुई दिली, सलाइन लावलं, पाणी भरपूर पी म्हणून सांगितलं. ती दिवसभर गुडघाभर गार चिखलात वाकून धान लावते, भिजल्या अंगानं घरी जाते आणि थंडी हेच तिच्या दुखण्याचं निमंत्रण आहे, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पुस्तकातली ती ओळ आणि समोरची मुलगी यांची गाठ मात्र मी घातली नाही. तू काय काम करतेस, हे मी तिला विचारलंच नाही. केसपेपरवर व्यवसायाचा रकाना होता, त्यात सगळ्यांचंच 'शेती' लिहिलेलं असायचं.

२००१ साली लग्न करून शिकागोला गेले. एच-४ या बायकोच्या व्हिसावर तेव्हा नवरा कमवायचा आणि बायकोला नोकरी करायला बंदी होती. एमबीबीएस झालेल्या बाईनं पाच वर्षं काय करायचं? मी तिकडे डॉक्टरकी करायला लागणाऱ्या परीक्षा देत गेले. त्यातली एक अजून आठवली की हसू येतं. स्टेप टू सीएस, क्लिनिकल स्किल्स. देशभरात पाचच शहरांत व्हायची, त्यात शिकागो होतं, तेवढं माझं विमानभाडं वाचलं. बारा रुग्ण, बाराही पगारी नट. प्रत्येकाला १५ मिनिटं, मग नोट लिहायला १०. खोलीचं दार वाजवायचं, मग आत जायचं, नाव सांगायचं, त्याला काय म्हणून हाक मारायची ते विचारायचं. मेडिकलच्या ओपीडीत दार नव्हतं. बाकावर एकाच वेळी चार जण बसलेले असत, पाचवा माझ्या खांद्यावरून केसपेपर पुढे करी आणि एकाची कहाणी दुसरा पूर्ण करी. दार वाजवून रुग्णाकडे जाणारा डॉक्टर मी तोवर पाहिलाच नव्हता. घरी बाथरूमचं दार वाजवून मी सराव केला. नवरा आतून ओरडायचा, "कम इन, डॉक्टर!"

ती परीक्षा २०२१ मध्ये कायमची बंद झाली. हजार डॉलरहून जास्त मोजून मी त्यात एक सवय विकत घेतली, ती मात्र टिकली.

२००६ च्या मार्चमध्ये मॅच झाले, म्हणजे रेसिडेन्सीची, हॉस्पिटलातल्या पुढच्या प्रशिक्षणाची, जागा मिळाली. अमेरिकेत तो निकाल दोन टप्प्यांत येतो. जागा मिळाली की नाही ते सोमवारी कळतं, कुठे मिळाली ते तेव्हा गुरुवारी कळायचं. मधल्या तीन दिवसांत माणसाला कशाचीच चव लागत नाही. मी ३४ वर्षांची इंटर्न, आमच्या बॅचमध्ये सगळ्यांत म्हातारी. आठवड्याला ८० तासांची मर्यादा नुकतीच लागू झाली होती आणि सीनियर लोक आम्हाला त्यावरून नाजूक म्हणायचे. त्या तीन वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. झोप आली नाही असा दिवस आठवत नाही.

पुढे सात वर्षं हॉस्पिटलिस्ट, म्हणजे फक्त भरती झालेले रुग्ण बघणारी डॉक्टर. त्यातल्या एका माणसाबद्दल लिहायचं आहे.

विशीतला कृष्णवर्णीय मुलगा, सिकलसेल, दुखण्याचा झटका. वर्षभरात कितव्यांदा तरी भरती झालेला. अशा रुग्णांना इमर्जन्सीत एक नाव असतं, 'फ्रीक्वेंट फ्लायर'. आणि दुसरं, हलक्या आवाजात घ्यायचं, 'ड्रग सीकर', नशेसाठी मॉर्फिन मागायला येणारा. मी ते म्हणत नव्हते, पण कोणी म्हटलं तर गप्प राहत होते. सलाइन, मॉर्फिन, ऑक्सिजन, चार दिवसांनी डिस्चार्ज, पाचव्या आठवड्यात परत. एकदा रात्री राउंडच्या शेवटी मी त्याच्या खाटेजवळच्या खुर्चीत बसले. माणुसकी वगैरे काही नव्हती, पाय दुखत होते. पेजर वाजत नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काम कुठे करतोस?"

तो गोठवलेल्या मांसाच्या गोदामात काम करत होता. फ्रीझरच्या आत. पाळी आठ तासांची. आत काम करणाऱ्याला बाहेरच्या हमालापेक्षा तासाला थोडे जास्त मिळत.

मला एकदम भंडाऱ्याचा चिखल दिसला. दोन्ही ठिकाणी आजार ओळखणारी मीच, आणि दोन्ही ठिकाणी बरं करून परत थंडीत पाठवणारीही मीच. मी त्याच्या मालकाला पत्र लिहिलं. त्याला बाहेर, ट्रक भरण्याच्या जागी घेतलं. गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. चार महिन्यांनी तो पुन्हा माझ्याच वॉर्डात होता. पगार कमी झाला, भाडं थकलं, त्यानं स्वतःहून फ्रीझर मागून घेतला होता. "आय नो, डॉक," तो म्हणाला, मी काही बोलायच्या आधीच.

त्याच शहरात शंभर वर्षांपूर्वी असाच एक मुलगा खाटेवर होता. ग्रेनाडा बेटावरून शिकागोला दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल. त्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी एका इंटर्नला दिसल्या आणि त्याच्या सीनियरनं, जेम्स हेरिकनं, १९१० साली ते छापलं. सिकलसेलची वैद्यकीय साहित्यातली ती पहिली नोंद. त्या लेखात रोग्याचं नाव नाही. नोएल पदवी घेऊन ग्रेनाडाला परत गेला, तिथे दातांचा दवाखाना चालवला आणि १९१६ साली न्यूमोनियानं वारला, ऐन बत्तिशीत. हेरिकचं नाव आम्हाला मेडिकलमध्ये तोंडी परीक्षेला विचारायचे. नोएलचं मला अमेरिकेत जाऊन वाचावं लागलं. शिकायला परदेशी गेलेला, तिथल्या हिवाळ्यात आजारी पडणारा आणि शिकून गावी परतलेला माणूस होता तो. आम्हाला फक्त त्याच्या पेशी शिकवल्या.

एमपीएचच्या, म्हणजे पब्लिक हेल्थच्या पदव्युत्तर, वर्गात मी पुन्हा सगळ्यांत म्हातारी होते. तिथे जुलै १९९५ च्या शिकागोतल्या उष्णतेच्या लाटेवर अख्खं एक व्याख्यान झालं. १३ जुलैला पारा १०६ फॅरनहाइटवर गेला आणि त्या लाटेत सातशेवर माणसं मेली. प्रेतं ठेवायला शवागारात जागा उरली नाही म्हणून बाहेर रेफ्रिजरेटरचे ट्रक उभे केले होते. मी वहीच्या कोपऱ्यात हिशेब केला, १०६ म्हणजे ४१ सेल्सिअस. ४१! नागपुरात ४१ ला एप्रिल बरा गेला म्हणतात. ४१ ला कूलरमध्ये पाणी भरायची आज कोणाची पाळी, यावर भांडण होतं. मला वर्गात हसू फुटलं असतं, पण पुढची स्लाइड आली. मेलेल्यांत म्हातारी, एकटी राहणारी माणसं फार होती. चोरांच्या भीतीनं खिडक्या बंद, विजेच्या बिलाच्या भीतीनं पंखासुद्धा बंद, आणि दिवसेंदिवस दार वाजवणारं कोणी नाही. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या वस्त्या एकमेकींना लागून, गरिबी दोन्हीकडे, ऊन दोन्हीकडे तेवढंच. पण उत्तरेकडे मृत्यूचं प्रमाण दक्षिणेच्या दहापट. दक्षिणेत मेक्सिकन कुटुंबांची दाटी, फुटपाथवर दुकानं, माणसांची ये-जा. म्हातारी माणसं निदान खाली उतरून गार दुकानात उभी राहत होती. उत्तरेकडे ओसाड प्लॉट आणि बंद पडलेले कारखाने, उतरून जाणार कुठे?

त्याच सेमिस्टरला आणखी एक स्लाइड आली आणि तिच्यावर गडचिरोली लिहिलं होतं. गावातल्या बायकांना शिकवून, त्यांच्या हाती पिशवी देऊन, घरोघरी नवजात बाळं तपासायला पाठवलं, ३९ गावांत, आणि बालमृत्यू झपाट्यानं उतरले. १९९९ च्या 'लॅन्सेट'मधला शोधनिबंध. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग आमच्याच कॉलेजचे, त्यांनीही अमेरिकेतच एमपीएच केलेलं, जॉन्स हॉपकिन्सला. प्राध्यापक बाईंनी गडचिरोलीचा उच्चार 'गॅडचिरोली' केला. मी हात वर करून उच्चार सुधारला. त्यांनी कौतुकानं विचारलं, "तू गेली आहेस तिथे?" नागपूरपासून पावणेदोनशे किलोमीटर. मी कधी गेले नव्हते. त्या पंगतीतल्या काकांना याची कल्पना नसावी.

पुढे एका काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यात नोकरी लागली. पगार जवळजवळ निम्मा. काम म्हणजे एक्सेल, बैठका आणि उन्हाळ्यात थंड खोल्या कुठे उघड्या ठेवायच्या त्याच्या याद्या. वॉर्डात निदान बरा झालेला माणूस घरी जाताना हात हलवतो. इथे जो मेलाच नाही तो कशाला थँक यू म्हणायला येईल? दर वर्षी आम्ही प्राधान्याच्या विषयांची यादी करायचो, घरभाडं, बेकारी, एकटेपणा, व्यसन, आणि दर वर्षी मला नागपूरची मारबत आठवायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवत निघते, आम्ही पोरं गळा सुकेपर्यंत ओरडायचो, "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मागे बडगे, तेही पुतळेच. कोणाच्या गळ्यात महागाईची पाटी, कोणाच्या भ्रष्टाचाराची, कोणाच्या बेरोजगारीची. रोगराई आणि महागाई एकाच मिरवणुकीत काढायची अक्कल इतवारी-महालातल्या लोकांना आधीपासून होती. मला त्यासाठी दोन वर्षांची फी भरावी लागली.

आता त्या डब्ब्याबद्दल.

हा शब्द उच्चारायची मला अजून लाज वाटते. लाइफ कोच व्हायला कुठलंही लायसन्स लागत नाही. आज सकाळी कार्ड छापून घ्या, संध्याकाळी तुम्ही कोच. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्रसुद्धा मुख्यतः ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा सराव मागतं. माझ्या इंटर्नशिपचे ६० तास आठवड्याच्या मधेच संपायचे. या धंद्यात पाण्याचा पेला अर्धा भरला की रिकामा यावर तासाला दोनशे डॉलर घेणारे महाभाग आहेत, आणि ज्याला मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे त्याला सकाळी पाचला उठायला सांगणारेही आहेत. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं कोणी म्हणालं तर मी कोचिंग करत नाही. आधी डॉक्टरकडे पाठवते. एवढी डॉक्टरकी शिल्लक ठेवली आहे.

मी यात आले ते ऑफिसच्या एका योजनेमुळे. तीन सत्रं फुकट होती. फोनवर एका बाईनं विचारलं, "आजच्या तासातून तुम्हाला काय हवंय?" मी केस प्रेझेंट करतात तसं घडाघडा सांगितलं, वय, नोकरी, तक्रार, कालावधी. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि तुम्हाला काय हवंय?" मग ती गप्प बसली. ती शांतता इतकी लांबली की लाइन तुटली असं मला वाटलं. शेवटी माझ्या तोंडून मराठीत निघालं, "माहीत नाही वं." त्या बाईला मराठीचं अक्षर येत नव्हतं. ती म्हणाली, "गो ऑन."

प्रशिक्षणात आपलंच संभाषण रेकॉर्ड करून ऐकायचं असतं. १९८४ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी डॉक्टरांच्या भेटी टेप करून मोजलं होतं. रुग्ण बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतो. मी माझी टेप लावून घड्याळ धरलं. ११ सेकंद. तेही मी फार ऐकते अशी ख्याती असताना.

माझ्याकडे येणारे बहुतेक डॉक्टरच. भारतातले, पाकिस्तानातले, नायजेरियातले. मॅच न झालेले, मायदेशी दहा-बारा वर्षं सर्जरी करून इथे दुसऱ्या डॉक्टरच्या मागे लॅपटॉप घेऊन टिपणं काढणारे, किंवा सगळं मिळूनही रोज पार्किंगमध्ये गाडीत बसून राहणारे. जवळजवळ प्रत्येकाचं एक वाक्य सारखं असतं, परत गेलो तर लोक काय म्हणतील. मी विचारते, "कोणते लोक? नावं सांगा." सुरुवातीला राग येतो. मग बोटं मोजतात. यादी क्वचितच चारच्या पुढे जाते, आणि त्यातला एखादा वारलेलाही असतो. माझ्या स्वतःच्या यादीत तीन नावं निघाली होती. पहिलं मानेवाड्याचं.

आई गेल्यापासून मी दर वर्षी एप्रिल ते जून नागपुरात असते. काम ऑनलाइन होतं. ज्या महिन्यात नागपूरकर नागपूर सोडून पळतात त्याच महिन्यात ही येते, म्हणून गल्लीत मला थोडी वेडी समजतात. बाबा ८३ वर्षांचे. उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात. कांद्यानं ऊन लागायचं थांबतं याला काही पुरावा नाही, हे मी त्यांना एकदा सांगितलं आहे. पण कांद्याची आठवण झाली की त्यांना दुपट्ट्याची आणि पाण्याच्या बाटलीचीही होते, तेव्हापासून मी गप्प असते. आणि रोज दुपारी चारच्या सुमाराला ते समोरच्या काकूंच्या फाटकापर्यंत जाऊन येतात. काकू एकट्या. एक मुलगा पुण्याला, एक टोरांटोला. बाबा नुसते विचारतात, "वहिनी, कूलर चालू आहे ना?" आणि परत येतात. वर्षानुवर्षं मी हे पाहत होते आणि म्हातारा वेळ घालवतो असं समजत होते.

यंदा नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या नऊ कडक दिवसांत, त्यांचा गुडघा सुजला. चार वाजता खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "जा वं, पाहून ये. वहिनीनं आज पेपर उचलला नाही."

पेपर खरंच फाटकात अडकलेला होता, उन्हानं वळलेला. मी रस्ता ओलांडला, दार वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. मी सेकंद मोजायला लागले, ते मोजतेय हे मला तिसाव्यालगत कळलं. शिकागोच्या त्या व्याख्यानातल्या सगळ्या स्लाइड एकामागून एक पुढे आल्या. मग आत कुठेतरी चप्पल फरफटली.

काकू झोपल्या होत्या. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता म्हणाल्या. घरात भट्टी. त्यांनी मला बसवलं, माठातलं पाणी दिलं, पन्हं करते म्हणाल्या आणि करता करता बोलायला लागल्या. टोरांटोच्या नातवाला मराठी येत नाही इथून सुरुवात झाली. मी मधे बोलले नाही. निदान बराच वेळ नाही.

परत आले तेव्हा बाबा खिडकीतच होते.

"काय झालं?"

"बऱ्या आहेत. कूलरचा पंप जळलाय कालपासून."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "एवढं सांगायला सव्वा तास लावला तिनं?"

"नाही बाबा. पंपाचं तर मी निघाले तेव्हा दारात सांगितलं."

बाबा काही बोलले नाहीत. पलंगाखाली काठीनं चाचपून त्यांनी आपली चप्पल पुढे ओढली, आणि पंपाच्या दुकानाचा रस्ता मला सांगायला लागले.